गॉयडरची रेषा आणि आक्काची मोसंबी

वाचकहो, शेतीखात्याचा माणूस लिहायला बसला की तो बियाण्याचे नाहीतर फवारणीचेच सांगणार, असे तुम्ही धरून चालता. आज मात्र मी प्रवासाची हकीकत सांगणार आहे, आणि प्रवासही जवळचा नाही. छत्रपती संभाजीनगरहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर आणि तिथून आणखी सात तासांवर ऑस्ट्रेलियातले ॲडलेड शहर. बरोबर होती माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय चौसष्ट. पैठण तालुक्यात पाचोडच्या बाजूला सहा एकर जमीन आहे, आणि दाजी गेल्यापासून ती एकटीच सगळे पाहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ॲडलेडला नोकरीला आहे. "आई, एकदा तरी ये," असा त्याचा धोशा चार वर्षे चालला होता आणि आक्काचे उत्तर ठरलेले होते, "म्हशीला कोन बघंल?" शेवटी म्हैस जावेच्या गोठ्यात बांधली, मी साठलेली रजा काढली, आणि रब्बीची रास घरात आल्यावर एप्रिलअखेर आम्ही दोघे भावंडे निघालो.

पहिला प्रसंग विमानतळावरच घडला. त्या देशात बाहेरचे बी, फळ, माती असे काही आत येऊ देत नाहीत. कागदावर खरे लिहायचे. लपवले तर जबर दंड. आक्काने पदराच्या गाठीला दगडी ज्वारीच्या बियांची पुरचुंडी बांधून आणली होती, लेकाच्या परसात टाकायला. मी कागदावर लिहून दिले. तिथल्या बाईने हातमोजे घालून ती पुरचुंडी घेतली आणि पेटीत टाकली. आक्का जराही रागावली नाही. म्हणाली, "आपल्या मक्यावर ती लष्करी अळी यायच्या आदी असं कुनी दाराशी उभं पाह्यजे होतं." तिला मी सांगितले, की ती अळी आपल्याकडे २०१८ साली आली आणि इतका बंदोबस्त असून २०२० साली यांच्याकडेही पोचली. पतंग उडत येतो, त्याला कागद कोण भरायला लावणार?

शहराचे थोडक्यात सांगतो. ॲडलेडची आखणी १८३७ साली कर्नल लाइट नावाच्या अधिकाऱ्याने केली. मधे सरळ रेषेत रस्ते आणि गावठाणाभोवती चारी बाजूंनी मोकळ्या हिरवळीचा पट्टा. तो पट्टा बहुतेक अजून शाबूत आहे, याचे मला फार नवल वाटले. आपल्याकडे गायरानाचे काय होते ते तुम्ही जाणताच. आक्काला बाजारपेठेत रस होता. १८६९ पासून चालत आलेल्या मंडईत ती अर्धा दिवस हिंडली. संत्र्याचा भाव भाच्याकडून रुपयांत करून घेतला आणि पुढे बराच वेळ बोलली नाही.

तिथे पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या संभाजीनगरापेक्षा कमी. पण तो थंडीच्या दिवसांत, हळूहळू पडतो; आपल्यासारखा चार धबधब्यांत येऊन निघून जात नाही. तरीही शहराला तो पुरत नाही. मरे नदीचे पाणी लांबून नळाने आणतात. १९९७ ते २००९ अशी लांबलचक अवर्षणाची वर्षे गेली तेव्हा तेही भरवशाचे राहिले नाही, मग समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभारला. २०११ पासून तो पाणी देतो. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेली आम्ही माणसे; भाच्याच्या घरी नळ सोडला की आक्का भांडे भरेपर्यंत तिथून हलायची नाही. चौथ्या दिवशी भाचा म्हणाला, "आई, ते पाणी उद्याही येणार आहे." तिने मान हलवली आणि घागरीसारखे दिसणारे फुलपात्र भरून ठेवलेच.

आठवड्याने आम्ही भाच्याच्या मोटारीतून उत्तरेला, वाळवंटाकडे निघालो. मे महिन्यात आपल्याकडे वैशाख वणवा असतो. तिकडे मात्र थंडीची चाहूल आणि पेरणीची धांदल. शेतकरी बंधूंनो, मी मोटार थांबवून पाहिलेच. चाळीस फुटांच्या पुढे रुंदीचे पेरणी यंत्र, नांगरट नाही, वखरणी नाही. मागच्या गव्हाचे धसकट तसेच उभे, त्यातून जमीन चिरून एकाच फेरीत बी आणि खत पडते. पाऊस अजून झालेला नव्हता. आपल्याकडे कपाशीची धूळपेरणी करतात तसाच हा प्रकार. आक्का म्हणाली, "हे बी वरच्याच्या भरवशावरच हायत की."

क्लेअर सोडले तशी हिरवळ कमी होत गेली. ओरूरू नावाच्या गावापुढे झाडेच बदलली. उंच झुडपे संपली आणि राखट रंगाची, खारट पानांची बुटकी झुडपे सुरू झाली. भाच्याने सांगितले, इथून गॉयडरची रेषा जाते.

ही रेषा काय आहे ते नीट सांगतो, कारण या प्रवासात मी जे काही शिकलो ते इथेच शिकलो. १८६४-६५ मध्ये या भागात मोठे अवर्षण पडले. सरकारने आपला मुख्य भूमापन अधिकारी जॉर्ज गॉयडर याला पाठवले, की अवर्षण कुठवर आहे ते पाहून ये. हा माणूस घोड्यावर शेकडो मैल हिंडला. पावसाची पुरेशी नोंद त्या काळी नव्हती. त्याने झाडे पाहिली. जिथे ही खारट झुडपे लागतात, तिथे पाऊस येतोही आणि दगाही देतो, हे त्याने ओळखले आणि १८६५ मध्ये नकाशावर रेघ ओढली. रेषेच्या दक्षिणेला गहू, उत्तरेला फक्त मेंढरे. आज मोजले तर ती रेघ वर्षाला साधारण १० ते १२ इंच पावसाच्या हद्दीवरून जाते.

पुढची काही वर्षे पाऊस चांगला झाला. लोक गॉयडरला हसू लागले. नांगर पुढे नेला की पाऊस त्याच्या मागोमाग येतो, असे शिकलीसवरलेली माणसेही म्हणू लागली. १८७४ मध्ये कायदा बदलून रेषेपलीकडची जमीनही गव्हासाठी खुली झाली. माणसे बायकापोरांसह गेली, दगडी घरे बांधली, गावे आखली. त्या उत्तरेकडच्या एका गावाला १८७८ साली 'फरीना' असे नाव दिले. लॅटिन भाषेत फरीना म्हणजे पीठ. इतके पिकेल अशी आशा! १८८० पासून ओळीने कोरडी वर्षे आली. पीठ काही निघाले नाही. जे दक्षिणेला परत जाऊ शकले ते गेले. घरे आहेत तिथेच राहिली. त्या डोंगराळ मुलखात हजारो वर्षे राहिलेल्या अद्न्यामाथान्हा लोकांना पाण्याची ठिकाणे ठाऊक होती, पण त्यांना विचारायला कोण जाणार?

कॅरिएटनच्या पुढे अशाच एका पडक्या घराशी आम्ही थांबलो. छप्पर नाही, भिंती उभ्या. आक्का पदर सावरून आत गेली आणि चुलीपाशी उभी राहिली. दगडी चूल आणि धुराडे अजून धड होते. तिने हात लावून पाहिला. "बाईनं चूल चांगली घातली व्हती," ती म्हणाली. बाहेर येऊन दगडावर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलली, "यांच्या साहेबानं नको म्हनलं आन् लोकांनी ऐकलं नाही. आमाला तर साहेबानंच लाव म्हनलं."

वाचकहो, तो साहेब मी. २००३ साली दाजींना दोन एकर मोसंबी लावायला मीच सांगितले. अंदाजपत्रक मी लिहिले, कर्जाच्या कागदावरही माझ्याच हाताचे आकडे होते. पाचव्या वर्षापासून बाग चांगली लागली, चार बहार हाती आले. मग २०१२ चा पावसाळा गेला. नाथसागर मृतसाठ्यावर आला आणि जालना, संभाजीनगर जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. आक्काने जानेवारीपासून टँकर विकत घेतले. त्यात पाटल्या गेल्या, गोठ गेले. एप्रिलमध्ये टँकर थांबवला आणि मे महिन्यात कुऱ्हाड लावली. दोन एकराची बाग सरपणाच्या भावाने गेली. त्यानंतर दिवाळीला, राखीला मी किती वेळा तिच्या घरी जेवलो असेन. तिने विषय काढला नाही आणि मी तर नाहीच नाही.

"तुला ठावं व्हतं का, पानी पुरनार नाही ते?" तिने विचारले.

भाचा मोटारीशी उभा राहून ऐकत होता. बाग गेली त्या वर्षी तो बारावीला होता.

मी म्हणालो, "नाही आक्का. पण विचारायला पाहिजे होतं. विहिरीला पाणी आहे का, एवढं विचारलं. मे महिन्यात किती राहतं, ते विचारलं नाही. सरासरी पाऊस सातशे मिलिमीटर लिहून मोकळा झालो."

"हां," ती म्हणाली. "मला वाटायचं, ठावं असून लिवलं." थोड्या वेळाने उठली. "चल, ऊन उतरायला लागलं."

दहा वर्षांहून अधिक काळ तिच्या मनात हे होते आणि मी तिच्या हातची पुरणपोळी खात होतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही अधिकारी मंडळी सरासरीवर जगतो. सातशे मिलिमीटर म्हणजे एखाद्या वर्षी हजार आणि एखाद्या वर्षी साडेतीनशे, हे आम्हाला ठाऊक असते, पण तक्त्यात एकच आकडा मावतो. मोसमी पीक असेल तर एक वर्ष बुडते. फळबागेचे तसे नाही. तिला पंधरा-वीस वर्षे एकाही उन्हाळ्याची सुट्टी मिळत नाही. गॉयडरने सरासरी पाहिली नाही, वाईटातले वाईट वर्ष झुडपांत वाचले.

दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टा. इथेच १८६५-६६ च्या सुमारास कराचीहून जहाजाने उंट आणि उंटवाले उतरले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते. सिंध, बलुचिस्तान, पंजाबकडच्या या माणसांनी पुढे साठ वर्षे या वाळवंटात पीठ, लोकर, तारेचे खांब वाहिले. मोटारलॉऱ्या आल्यावर उंट मोकाट सोडले. त्यांची पिलावळ अजून रानात हिंडते. गावाबाहेर एक काचघर आहे, २०१६ पासूनचे. त्यात समुद्राचे पाणी उन्हाच्या उष्णतेने गोडे करून टोमॅटो पिकवतात. आक्काने लांबूनच पाहिले. "आपल्याकडं समिंदर नाही," एवढेच म्हणाली.

तिथून कूबर पेडीला साडेपाचशे किलोमीटर तांबडी, सपाट माती. शेवटच्या टप्प्यात तर २५४ किलोमीटर पेट्रोलपंप नाही. या गावात १९१५ साली एक चौदा वर्षांचा मुलगा पाण्याच्या शोधात फिरत होता. त्याला सापडले ओपल नावाचे रत्न. पाणी नाही ते नाहीच! वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आतबाहेर. उन्हाळा इतका कडक, की निम्मे गाव टेकडीत कोरलेल्या घरांत राहते. आत बाराही महिने तेवीस-चोवीस अंशांचा गारवा. पूर्वेला एकाच मालकाचे गुरांचे रान आहे, आपल्या अख्ख्या जिल्ह्याहून मोठे. मेंढरांना रानकुत्र्यांपासून राखायला घातलेले पाच हजार किलोमीटरांहून लांब कुंपणही इथूनच जाते.

आक्काला यातले काही फारसे भावले नाही. ती उभी राहिली पाण्याच्या नळापाशी. गावाबाहेर चोवीस किलोमीटरवर खोल बोअर आहे, पाणी खारे. ते गोडे करून गावात आणतात. नळाच्या पेटीत नाणे टाकले की मोजून पाणी पडते. एक माणूस गाडीवरची टाकी भरत होता. आक्काने नाण्याचे विचारले, लिटरचे विचारले आणि मला म्हणाली, "हितं पैलं पानी मोजत्यात, मंग राहत्यात. आपन पैलं लावतो, मंग टँकर मोजतो."

त्याच रात्री टेकडीच्या पोटातल्या खोलीत भाच्याने विषय काढला. आईने पुन्हा दोन एकर मोसंबी लावावी, शेततळ्याचा खर्च तो देतो. मी तोंड उघडणार, तोच आक्काने कागद माझ्यापुढे सरकवला. "ह्या खेपी तू नुसता आकडे सांग. ठरवीन मी."

आकडे असे होते, तुम्हीही करून पाहा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे अस्तराचे तळे पूर्ण भरले तर सुमारे २२ लाख लिटर. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० झाडे. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला १०० लिटर धरा. मे महिन्यात त्याहून जास्त लागते. फेब्रुवारी ते मे, १२० दिवस. दोन एकरांची २२० झाडे म्हणजे २६ लाख ४० हजार लिटर. भरलेले तळेही पुरत नाही, आणि उन्हाने उडणारे पाणी वेगळेच. एका एकराला १३ लाख २० हजार.

"आन् तळं निम्मंच भरलं तर?" आक्का म्हणाली.

निम्मे म्हणजे ११ लाख. एक एकरही बसत नाही. अर्ध्या एकराच्या ५५ झाडांना ६ लाख ६० हजार. उडून जाणारे धरूनही निभते. भाचा म्हणाला, "एवढ्यासाठी तळं कोण खोदतं?" आक्काने कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

आम्ही मेअखेर परतलो. तळे झाले, पोळ्यापर्यंत विहिरीवरून उचलून ते निम्म्यावर आले. रंगपूर लिंबावर डोळा भरलेली कलमे आणायला मीच गेलो होतो. रोपवाटिकेवाल्याने ओळखीखातर पाच कलमे फुकट जास्तीची दिली. आक्काने मोजून ५५ उतरवून घेतली आणि पाच माझ्या गाडीत परत ठेवली.