जुन्या वास्तूंचे वैद्यक

अजिंठ्याच्या चित्रांपुढे उभ्या राहिलेल्या प्रवाशास ती चितारणाऱ्यांची आठवण होते. ती राखण्यासाठी खपलेल्यांची सहसा होत नाही. वस्तुतः चित्र काढणे ही जशी विद्या आहे, तशीच ते राखणे हीदेखील विद्याच होय, आणि आज ती महाविद्यालयांतून रीतसर शिकविली जाते.

तिची आवश्यकता का भासली, हे अजिंठ्याच्याच हकीकतीवरून श्रोत्यांच्या ध्यानात येईल. १८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. पुढे नकला उतरविणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर रोगण फासले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीस पुन्हा बसविला, हा त्यांचा उपकारच मानावयास हवा. परंतु वर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा पडला व मूळ रंग झाकोळले. तो थर हलक्या हाताने उतरविण्याचे काम पुढील पिढीच्या वाट्यास आले. हेतू निर्मळ होता, हातही कसबी होते. लाख पुढे काय करील, एवढे मात्र कोणी ताडले नव्हते.

म्हणूनच ह्या शाखेच्या विद्यार्थ्यास इतिहासाबरोबर रसायनशास्त्रही शिकावे लागते. चुन्याच्या जुन्या भिंतीत सिमेंट भरले, तर ओल बाहेर पडण्याची वाट बुजते. ती दगडातून वाट काढते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. असा अनर्थ टाळण्यासाठी विद्यार्थी प्रथम वास्तूची मापे घेतो, भेगांचे नकाशे काढतो, चुन्याचे नमुने तपासतो, आणि त्यानंतरच उपायाचा विचार करतो. रोम येथे १९३९ साली ह्यासाठी सरकारी संस्था निघाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९६४ साली शिक्षण सुरू झाले. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयातही हा विषय पदव्युत्तर वर्गास आहे.

ह्या शिक्षणाचे सार दोन नियमांत सांगता येते. घातलेली भर पुढे शक्य तितकी काढता यावी, आणि काय घातले ह्याची नोंद राहावी. आजचे औषध उद्या अपायकारक ठरू शकते, हे जाणूनच वास्तूस हात लावावयाचा असतो. कारण चूक सुधारण्यास दुसरे अजिंठे मिळावयाचे नाही.