‘हो’वर खूण झाली, पुढे कोण येणार?

आशाताई घरोघरी येऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक अर्ज भरतात. त्याला ‘सी-बॅक’ म्हणतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्यात असतात. साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा आहे की, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का?

हा प्रश्न वाचला की घरातले हसतात. “साठी बुद्धी नाठी, ताई. नाही लिहा.” आम्ही सांगतो, खरोखर विसरत असतील तर ‘हो’ लिहा. म्हातारपण वेगळे आणि डिमेन्शिया वेगळा. चष्मा कुठे ठेवला हे कुणीही विसरते. पण जिथे चाळीस वर्षे राहिलो ती गल्ली न सापडणे, हा मेंदूचा आजार असू शकतो. त्यात बाहेरचे काही नसते, कुणी काही केलेले नसते. देशात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना हा आजार आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतला हा अंदाज आहे. बायकांत आणि न शिकलेल्यांत प्रमाण जास्त आढळले. आपल्या आज्यांना शाळा कुणी दाखवली होती?

आता ‘हो’वर खूण झाली. ती मोबाइलमधून वर गेली. पुढे काय होते, ते आम्ही वस्त्यांत पाहतो. शुगरच्या गोळ्या जवळच्या दवाखान्यातून. डोक्याचा स्कॅन मोठ्या सरकारी रुग्णालयात, तिथला केसपेपर वेगळा. रात्री ओरडतात म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरने झोपेची गोळी दिलेली. एकाचे दुसऱ्याला माहीत नाही. त्या गोळीने आधीच गोंधळलेला माणूस आणखी गोंधळतो आणि पहाटे मोरीकडे जाताना पडतो. हे सगळे धागे कोण जुळवते? सून, नाहीतर मुलगी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ती तीन रांगांत उभी राहते आणि धुणीभांड्याच्या कामाचा खाडा होतो तो वेगळाच.

कागदांची ही पिशवी मोबाइलमध्ये यावी म्हणूनच २०२१ पासून देशभर आभा क्रमांक दिला जातो. कल्पना चांगली आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. पण पैसा कशावर ठेवला ते पाहा. १ जानेवारी २०२३ पासूनच्या योजनेत दवाखान्याने ठरलेल्या संख्येच्या पुढे आभाशी जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे २० रुपये ठरले. संगणक प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांनाही वाटा ठरला आणि रक्कम ४ कोटींपर्यंत जाऊ शकत होती. म्हणजे नोंद झाली की पैसे. त्या नोंदीवरून आजीच्या घरी कुणी गेले का, झोपेची गोळी बंद केली का, याला दमडी नाही.

अमेरिकेत १ जुलै २०२४ पासून त्यांच्या वृद्धांच्या सरकारी विम्याने वेगळा प्रयोग सुरू केला. तिथे डिमेन्शियाच्या रुग्णामागे दरमहा पैसे मिळतात, पण ते सांभाळ जुळवून देणाऱ्या पथकाला. घरच्यांसाठी एक ठरलेला माणूस आणि दिवसरात्र फोन. सांभाळणाऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून काही रुग्णांसाठी वर्षाला अडीच हजार डॉलरपर्यंत तरतूद. तो देश श्रीमंत आहे, मान्य. पण नोंदीऐवजी माणसाला पैसे द्यायला श्रीमंती लागत नाही. आमचे मागणे एवढेच आहे: ‘हो’ आला की तो एका ठरलेल्या नर्सच्या मोबाइलवर दिसावा, आठवड्यात तिने घरी यावे आणि त्या कामाचे मानधन तिला व आशाताईला मिळावे. नवे अॅप त्यानंतर काढा.

तोवर घरात करता येण्यासारखे. आजीचा आभा क्रमांक काढताना मोबाइल नंबर तिला दवाखान्यात नेणाऱ्याचा द्या. मुलगा कंपनीत आणि ओटीपी त्याच्या फोनवर, अशाने अर्धा दिवस जातो. आभा नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक केसपेपरचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढा, नव्या डॉक्टरला आधी तो दाखवा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली का, हे विचारा. त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. कमी ऐकू येणे आणि मनाची उदासी हीही तपासून घ्या.

सांभाळणारीच खचली असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. दोन्ही नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.