वाय-फाय रुसलंय? ‘व्हाय-व्हाय’ करा!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ न झेपणाऱ्या जुन्या लॅपटॉपचं करायचं काय? नवीन घ्यायला पैसे नाहीत, मग आकुर्डी-निगडीच्या हॉस्टेलवर कुणीतरी सुचवतंच, ‘उबंटू टाक, नाहीतर मिंट.’ जुना डबा पळायला लागतो, भारी वाटतं. आणि एका सकाळी लॅपटॉप चालू केला की वाय-फायच गायब! नेमकी त्याच दिवशी कंपनीची ऑनलाइन टेस्ट असते.

अशा वेळी ‘फॉरमॅट मार’ म्हणणारे चिक्कार भेटतात. त्यांचं ऐकू नका. प्रोजेक्टचा डेटा जाऊ शकतो आणि दोष कुठे होता ते कळतच नाही.

त्यापेक्षा चाकणच्या शॉप फ्लोअरवर बघा. पार्ट रिजेक्ट झाला की क्वालिटीवाले ‘व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस’ला बसतात. टोयोटामधून जगभर गेलेली ही पद्धत. आलेल्या उत्तरालाच पुन्हा ‘का?’ विचारायचं, मूळ सापडेपर्यंत. वाय-फायलाही हेच औषध चालतं.

आधी टेस्ट वाचवा. फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टिदरिंग चालू करा. बहुतेक वेळा नेट लगेच मिळतं. पुढे ड्रायव्हर उतरवायलाही हेच कामी येतं.

कार्ड दिसतंय का? टर्मिनलमध्ये ‘एल-एस-पी-सी-आय’ ही अक्षरं लहान लिपीत, सलग टाइप करा. यादीत वायरलेस कार्डाचं नाव आलं, तर लिनक्सला निदान ते दिसतंय. नाव लिहून ठेवा.

कुणी बंद केलंय का? ‘आर-एफ-किल लिस्ट’ ही कमांड द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक’ असेल तर ‘आर-एफ-किल अनब्लॉक वाय-फाय’ने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक’ असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा बाजूचा स्विच तपासा.

फर्मवेअर आहे का? ड्रायव्हर असला तरी अनेक कार्डांना कंपनीचं स्वतःचं फर्मवेअर लागतं, आणि त्याचा कोड खुला नसतो. म्हणूनच डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते बरीच वर्षं नव्हतं. २०२३च्या डेबियन १२पासून ते आलं. ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’च्या नोंदींत फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ दिसली, तर दोष तिथेच आहे. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर उबंटूतलं ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा.

कालपर्यंत चालत होतं ना? मग काल काय बदललं? अपडेटमध्ये नवा कर्नल आला असेल, तर सुरुवातीच्या मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. त्यावर वाय-फाय चाललं तर कार्ड ठणठणीत आहे, गडबड नव्या कर्नलशी जुळवून घेण्यात आहे. शेजारी विंडोजही असेल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि कार्ड कधीकधी त्याच अवस्थेत अडकतं.

फक्त सुरू होतानाच जोडत नाही? मग पासवर्ड कुठे साठवलाय ते बघा. तो युजरच्या ‘कीरिंग’मध्ये असेल आणि ऑटो-लॉगिन चालू असेल, तर कीरिंगचं कुलूपच उघडत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन सगळ्या युजर्ससाठी खुलं करा.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने जमलं ते कधीच कळणार नाही. अडलात तर विचारा. पुण्यात ‘प्लग’ हा लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना ग्रुप आहे. पण ‘वाय-फाय चालत नाही, हेल्प’ एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, कार्डाचं नाव आणि एररची ती ओळ द्या.

एवढा खटाटोप कशाला? आजच्या अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमागे लिनक्सच असतं. अँड्रॉइड ऑटोमोटिव्हचा पायाही लिनक्स कर्नलच. आणि इंटरव्ह्यूमध्ये ‘एखादा प्रॉब्लेम कसा सोडवलास?’ असं विचारलं, की ‘फॉरमॅट मारला’ या उत्तराला मार्क नाहीत. वहीतलं ते एक पान मात्र बिनधास्त पुढे ठेवता येईल.