पडद्यावरील खेळ आणि बालकांचा लठ्ठपणा

मुलांचे वजन वाढू लागले की घरोघरी एकच निदान ऐकू येते. मुलगा तासन्‌तास मोबाइलवर गेम खेळतो, जागचा हलत नाही, म्हणून सुटला आहे. या निदानात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे लक्षात न आल्यामुळे पालकांचा सारा भर मुलाला ‘आळशी’ ठरविण्यावर राहतो आणि वजन मात्र वाढतच जाते.

प्रश्न किती मोठा आहे ते प्रथम पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातील ५ ते १९ या वयोगटातील ३९ कोटींहून अधिक मुलांचे वजन प्रमाणाबाहेर होते व त्यांपैकी १६ कोटी मुले लठ्ठ होती. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) पाच वर्षांखालील २.१ टक्के बालके अतिवजनाची आढळली. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हेच प्रमाण ३.४ टक्के झाले. ज्या देशात कुपोषणाचे संकट अद्याप सरलेले नाही, तेथे हे दुसरे संकट त्याच उंबरठ्यातून आत आले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ ते १९ वर्षे वयाच्या २२ निरोगी मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक मुलाने एके दिवशी एक तास व्हिडिओ गेम खेळावयाचा, तर दुसऱ्या एका दिवशी तोच एक तास खुर्चीत नुसते विसावून बसावयाचे आणि त्यानंतर हवे तेवढे जेवावयाचे, अशी योजना होती. गेम खेळताना शरीर नुसते बसल्यापेक्षा थोडी अधिकच ऊर्जा खर्च करीत होते. हृदयाचे ठोके वाढले, रक्तदाब चढला, मनावर ताण आला. म्हणजे खेळणारा मुलगा ऐदीपणे पडून नव्हता; त्याचे मन चांगलेच राबत होते. असे असूनही खेळानंतरच्या जेवणात मुलांनी सुमारे ८० कॅलरी अधिक घेतल्या. दिवसभराचा हिशेब केला तेव्हा १६३ कॅलरींची भर पडलेली दिसली. आपल्याकडील दीड-दोन पोळ्यांएवढा हा ऐवज आहे. विशेष म्हणजे, अधिक भूक लागली असे एकाही दिवशी मुलांना जाणवले नव्हते, आणि पुढच्या जेवणात त्यांनी हात आखडताही घेतला नाही.

भूक नसता खाणे, हे या विषयाचे मर्म आहे. पोट भरल्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचण्यास काही वेळ लागतो व ती ऐकण्यासाठी चित्त जेवणाकडे असावे लागते. डोळे आणि मन पडद्यावर खिळले असता हात पाकिटात आपोआप जातो, तोंड आपोआप चालते. पाकीट संपले की खाणे थांबते, पोट भरले म्हणून नव्हे.

यास पुष्टी देणारा दुसरा प्रयोग अमेरिकेतील सॅन होजे शहरातला. टॉमस रॉबिन्सन या संशोधकांनी दोन प्राथमिक शाळांतील तिसरी-चौथीच्या मुलांचा अभ्यास करून १९९९ साली तो प्रसिद्ध केला. एका शाळेत मुलांना टीव्ही, व्हिडिओ व व्हिडिओ गेम यांचा वापर कमी करण्यास शिकविण्यात आले. प्रथम दहा दिवस पडदा पूर्ण बंद, त्यानंतर आठवड्याला सात तासांची मर्यादा. आहार किंवा व्यायाम यांविषयी काहीही सांगितले नव्हते. वर्षअखेरीस या मुलांची वजनवाढ दुसऱ्या शाळेतील मुलांच्या मानाने मंदावलेली दिसली. गंमत अशी की, ही मुले मैदानावर अधिक धावू लागली असे काही मोजमापात आढळले नाही. टीव्हीसमोर बसून होणारी त्यांची जेवणे मात्र कमी झाली होती.

म्हणून आम्हांस वाटते की, गेम किती वेळ खेळला यावर वाद घालण्याआधी पालकांनी ताट आणि पडदा यांची फारकत करावी. हा संबंध आपण मुलाला गेम कळू लागण्यापूर्वीच जोडून देत असतो. एके काळी आई चिऊचा घास, काऊचा घास म्हणत बाळाला अंगणात भरवीत असे. आज मोबाइलवर चित्रफीत लावल्याशिवाय बाळ तोंड उघडत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सुचविले आहे की, वर्षा-दीड वर्षाच्या बालकाला पडद्यासमोर बसवूच नये व दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ती वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावी.

‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, आम्हांला कसली चिंता?’ असे म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे की, आपल्याकडील नवजात बालके वजनाला इंग्लंडमधील बालकांहून हलकी असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायू कमी व चरबी तुलनेने अधिक असते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचेच एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेत वजनाचा दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! मराठी माणसाने काट्यावर विसंबून राहू नये, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. घरच्या घरी पाहावयाचे झाल्यास मुलाच्या उंचीइतकी दोरी घेऊन तिची बरोबर मध्ये घडी घालावी. पाच वर्षांवरील मुलाच्या कमरेभोवती ती अर्धी दोरी पुरली नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हातपाय हलविण्यास लावणारे गेम हा यावरचा उपाय म्हणून सुचविला जातो. निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र २००६ साली आले तेव्हा मोठ्या आशा व्यक्त झाल्या होत्या. अमेरिकेत नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना असे खेळ घरी देऊन पाहिले असता त्यांच्या एकूण हालचालीत वाढ झाली नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ने तरुणांना पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावले अधिक चालविले; सहाव्या आठवड्यापर्यंत तो उत्साह ओसरला होता.

मैदानाला पर्याय नाही, हे खरेच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे दम लागेल असे खेळावे, अशी शिफारस आहे. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या यांत ती साठ मिनिटे केव्हा सरत, ते कळतही नसे. मात्र आईवडील दोघेही लोकलने कामाला जातात, रात्री आठला परततात, आणि तोवर ‘दार उघडू नकोस’ अशी मुलाला ताकीद असते. अशा घरात मोबाइल हाच सांभाळणारा होतो. त्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना हवी आहे ती सायंकाळी मुलांवर लक्ष ठेवणारी एखादी वडीलधारी व्यक्ती आणि उघडे मैदान. बहुतेक धर्मग्रामांत या दोन्ही गोष्टी आहेत. पण मैदानात गाड्या उभ्या असतात.

आणखी एक गोष्ट तर विनाखर्च होण्यासारखी आहे. बालमेळावा असो की धर्मशिक्षणवर्गाची सहल, मुलांच्या हाती वेफर्सचे पाकीट व शीतपेयाची बाटली देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्याऐवजी केळी द्यावीत. वसईत केळ्यांना तोटा कधीच नव्हता.