जपानी लोक टोपीवर प्लास्टिकचा चतुर का लावतात?

जपानमध्ये उन्हाळ्यात डोंगर चढणारे, गळ टाकून बसणारे, शेतात राबणारे अनेक जण हल्ली टोपीला काळा-पिवळा प्लास्टिकचा चतुर अडकवतात. गांधीलमाश्या आणि चावणाऱ्या माश्या त्याला पाहून लांब राहतात, असा समज आहे. खरंच राहतात का, यावर तिथेही एकमत नाही. पण ज्याची ही नक्कल, तो 'ओनियान्मा' मात्र अशा माश्या उडता उडता पकडून खातो.

'ओनि' म्हणजे राक्षस. जपानी लोककथांतला राक्षस कमरेला वाघाचं कातडं गुंडाळतो आणि या चतुराच्या काळ्या अंगावरचे पिवळे पट्टे तसेच दिसतात, म्हणून हे नाव, असं सांगतात. शास्त्रीय नाव 'अ‍ॅनोटोगॅस्टर सिबोल्डी'. नागासाकीत राहिलेल्या झीबोल्ट या जर्मन डॉक्टरवरून ठेवलेलं. लांबी ९ ते ११ सेंटीमीटर, मादी नराहून मोठी. डोळे पाचूसारखे हिरवे, एकमेकांना जेमतेम एका बिंदूत टेकलेले. आपल्याकडे पावसाळ्यात थव्याने फिरणारा पिवळा चतुर याच्या निम्म्याएवढाच भरेल.

नर ओढ्यावरून किंवा रानातल्या सावलीच्या वाटेवरून ठरावीक पट्ट्यात ये-जा करत गस्त घालतो. दुसरा नर आला की पाठलाग ठरलेला. मादीची अंडी घालण्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी. हवेतच अंग उभं धरून ती शेपटीच्या टोकाची नळी उथळ पाण्याखालच्या वाळूत पुन्हा पुन्हा खुपसते, अगदी शिलाई मशीनच्या सुईसारखी.

पिल्लू वाळूत अंग पुरून डोळे तेवढे बाहेर ठेवतं. किडा, बेडूकमासा, छोटा मासा जवळ आला, की खालचा जबडा झटक्यात पुढे फेकून पकडतं. कात टाकत टाकत अशी सुमारे ५ वर्षं जातात. मग एका उन्हाळी रात्री ते पाण्याबाहेर चढतं आणि पंख फुटतात. पुढचं आयुष्य जेमतेम एका मोसमाचं.

खरी अडचण त्या वाळूची आहे. देशभर पाहिलं तर ओनियान्मा दुर्मीळ नाही, डोंगरातल्या ओढ्यांवर तो सहज दिसतो. पण पुराच्या बंदोबस्तासाठी ओढ्याचा तळ आणि काठ सिमेंटने बांधला, की मादीला नळी खुपसायला जागाच उरत नाही. वाळूत दडलेली वेगवेगळ्या वयाची पिल्लंही एकदमच जातात. हे नुकसान लगेच लक्षात येत नाही, कारण बांधलेल्या ओढ्यावरही वरच्या अंगाहून आलेला एखादा चतुर घिरट्या घालताना दिसतो. तो ज्या अंड्यातून आला, ते घातलेलं असतं ५ वर्षांपूर्वी.