शनिवार तेली आणि विजेची कळ

यंत्र घरांत येतें तें दास म्हणून. पण बघतां बघतां घराचा सारा कारभार तें आपल्या हातीं घेतें, असा अनुभव हल्लीं बहुतेक कुटुंबांस येत आहे. वीज गेली कीं पंप बंद, पंप बंद कीं पाणी बंद. परवलीचा शब्द आठवेनासा झाला कीं बँकेचें दार बंद. निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला देतांना आमच्या झिजलेल्या अंगठ्याची खूण यंत्रास पटेना, आणि आम्ही सदेह समोर उभे असूनही आमची हयाती सिद्ध होण्यास तीन खेपा घालाव्या लागल्या. अशा वेळीं यंत्रावर चिडावें किंवा त्यापुढें मान तुकवावी, याहून तिसरा मार्ग आहे कीं नाहीं? यहुदी समाजांतील शास्त्री असा मार्ग गेलीं शंभराहून अधिक वर्षें शोधीत आले आहेत. त्यांचा तो प्रयत्न वाचकांस उद्बोधक वाटेल.

यहुदी धर्म महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. स्वधर्मीयांपासून दूर राहिल्यामुळें त्यांस पुष्कळ विधींचा विसर पडला, तरी हा विसांव्याचा दिवस त्यांनीं सोडला नाहीं. त्या दिवशीं बैलालाही विश्रांति द्यावी अशी त्यांच्या धर्माची आज्ञा आहे. बैल सोडला कीं घाणा थांबला, इतकी ती गोष्ट सोपी होती. विजेला मात्र जूं नसतें. तेव्हां ती सोडावी कशी, हा पेंच पुढील काळांत पडला.

शब्बाथ शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं सुरू होतो आणि शनिवारीं रात्रीं तारे दिसूं लागल्यावर संपतो. सुमारें पंचवीस तासांचा हा काळ. त्यांत वर्ज्य असलेल्या कामांची यादी इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथांत दिली आहे. एकंदर कामें ३९. नांगरणें, पेरणें, दळणें, भाजणें, विणणें, लिहिणें, पुसणें, बांधणें, पाडणें, अग्नि पेटविणें, अग्नि विझविणें इत्यादि. येथें कष्टांचें प्रमाण पाहिलेलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. घरांतल्या घरांत जड मेज हलविणें ह्या यादींत येत नाहीं. पण दोन अक्षरें लिहिणें येतें. सृष्टींत आपल्या कर्तृत्वानें नवें कांहीं घडविण्यापासून एक दिवस हात आवरावा, असा यामागील हेतु दिसतो.

आतां विजेची कळ दाबणें ह्या ३९ पैकीं कोठें बसतें? दिव्याची तार तापून लाल होते, तेथें अग्नि पेटविल्याचा दोष येतो, हें बहुतेकांनीं मानलें. पण पंख्याचें काय? ‘हझोन ईश’ या नांवानें प्रसिद्ध असलेले पंडित अव्राहाम येशाया कारेलित्झ (१८७८–१९५३) यांचें मत असें कीं, तुटलेलें विद्युन्मंडल पूर्ण करणें म्हणजे एक प्रकारें ‘बांधणें’च होय. जेरुसलेमचे पंडित श्लोमो झाल्मन आउअरबाख (१९१०–१९९५) यांनीं तरुणपणींच, १९३५ सालीं, विजेच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांना कारेलित्झ यांची उपपत्ति मान्य नव्हती. जी गोष्ट दिवसांतून वारंवार उघडली व मिटली जाते तिला बांधकाम म्हणतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तथापि समाजांत रूढ झालेला निषेध पाळावा, असाच निर्वाळा त्यांनींही दिला. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि शेवटीं शिष्टाचाराचें प्रामाण्य, ही रीत मीमांसेशीं परिचय असलेल्या वाचकांस ओळखीची वाटेल.

निषेध ठरला म्हणजे नित्याच्या अडचणी सुरू होतात. शुक्रवारीं दुपारीं घड्याळाची कळ लावून ठेवली म्हणजे दिवे ठरल्या वेळीं आपोआप लागतात व मालवतात. पण मध्येंच वीज जाऊन तें घड्याळ मागें पडलें, तर भोजनाच्या वेळीं अंधार आणि मध्यरात्रीं लखलखाट! कोणीही उठून कळ दाबावयाची नाहीं. अन्यधर्मीय शेजाऱ्याकडून तें करवून घेण्यासही सामान्यतः मनाई. शीतकपाटाचें दार उघडतांच आंतील दिवा लागतो, म्हणून पूर्वीं शुक्रवारीं तो सैल करून ठेवला कीं भागत असे. आतां त्या कपाटांत दार उघडल्याची नोंद घेणारीं व घंटा वाजविणारीं साधनें आलीं, आणि तीं सर्व एकदम निजविण्याची निराळी सोय कारखानदारांस करावी लागली.

उंच इमारतींसाठीं दर मजल्यावर आपण होऊन थांबणारा पाळणा निघाला. पण पंडित लेवी यित्झ्हाक हाल्पेरिन यांनीं त्याचा शास्त्रीय अभ्यास करून दाखविलें कीं, पाळणा उतरतांना माणसाचें वजन त्याच्या गतीस हातभार लावतें. म्हणजे उतरणारा स्वतःच यंत्र चालवितो. त्यावर निराळी यंत्ररचना सुचविण्यांत आली. तरीही २००९ सालीं पंडित एल्याशिव प्रभृति कांहीं वृद्ध धर्मशास्त्र्यांनीं अशा पाळण्यांविरुद्ध निर्णय दिला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पंगु माणसाच्या दृष्टीनें हा केवळ ग्रंथांतला वाद नव्हे. शनिवारीं प्रार्थनेस जातां येईल कीं नाहीं, हें त्यावर ठरतें.

अशाच गरजूंसाठीं ‘त्सोमेत’ ही संस्था रुग्णालयांतील उपकरणें व अपंगांच्या विजेच्या खुर्च्या ‘ग्रामा’, म्हणजे अप्रत्यक्ष कारण, ह्या तत्त्वावर घडवीत आली आहे. कळ दाबल्याबरोबर कांहींच घडत नाहीं. यंत्र ठराविक वेळानें स्वतः तपास करतें, आणि अडथळा दूर झालेला आढळला तरच चालूं लागतें. ही सवलत सुखसोयीसाठीं नव्हे, खऱ्या गरजेसाठीं आहे. आणि प्राण संकटांत असेल तेथें तर कसलीच आडकाठी नाहीं. फोन करणें, गाडी हांकणें हें तेव्हां कर्तव्यच ठरतें. जीवरक्षणापुढें शब्बाथ बाजूस सरतो, हा ह्या शास्त्राचा मुकुटमणि म्हणावा लागेल.

परंतु यंत्राशीं यहुद्यांचें वैर आहे, असें कोणी समजूं नये. १९६३ सालीं अविएझ्री फ्रेंकेल यांनीं शतकानुशतकांचे शास्त्रनिर्णय गणकयंत्रांत भरण्यास प्रारंभ केला. पुढें बार-इलान विद्यापीठांत वाढलेल्या त्या कार्यास २००७ सालीं इस्राएलचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तालमूदचें रोज एक पान वाचण्याचा उपक्रम पंडित मेइर शापिरो यांनीं १९२३ सालीं सुचविला. आज त्याचीं पानें २७११, आणि एका आवर्तनास सुमारें साडेसात वर्षें. चौदावें आवर्तन जानेवारी २०२० मध्यें सुरू झालें, आणि कित्येक प्रवासी तें पान आगगाडींत फोनवर वाचूं लागले. मात्र शनिवारीं फोन बंद. तेंच पान छापील ग्रंथांतून, बहुधा सोबत्याशीं मोठ्यानें वाद घालीत वाचावयाचें. सहा दिवस शोध क्षणांत लागतो. सातव्या दिवशीं आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. विद्येला दोन्हींचा उपयोग आहे, असें आम्हांस अध्यापनाच्या अनुभवावरून वाटतें. ज्या मुलाला उत्तर प्रश्नाआधीं मिळतें, त्याची जिज्ञासा मंदावते.

या व्यवस्थेंत जाच पुष्कळ आहे, हें वरील उदाहरणांवरून दिसेलच. अतिचातुर्यानें दिवसाचा आत्माच हरपेल कीं काय, ही शंका त्यांच्यांतील विचारवंतांसही सतावते. परंतु कळ केव्हां दाबावी व केव्हां दाबूं नये, हें त्या घरांत यंत्र ठरवीत नाहीं. शुक्रवारीं दुपारीं घरचीं माणसें ठरवितात, हा लाभ कांहीं लहान नव्हे. आपल्या एकत्र कुटुंबांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात, आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारीं फोन असतो. तो दूर ठेवण्याचा धाक वडिलांनीं मुलांस घालण्यापेक्षां, आठवड्यांतील कोणती वेळ सर्वांनींच पाळावी हें वडीलमंडळी, सुना आणि नातवंडें यांनीं एकत्र बसून आधीं ठरवावें, आणि ठरल्यावर आजोबांनींही तें मोडूं नये. नियम घालून घेणाऱ्या प्रत्येकास तो सारखाच लागू असला, तरच मुलें तो मानतात.