वकिलीच्या वाटेवर – लेखांक ३ : आधी परीक्षा ओळखा, मग कॉलेज निवडा

मागच्या लेखात आपण बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम यांतला फरक पाहिला. बारावीनंतर लॉ करू पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांपुढे मुख्यतः दोन परीक्षा असतात : राज्याची विधी सीईटी आणि क्लॅट. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल, तर सीईटी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट.

दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. सीईटी मराठीतूनही देता येते आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. क्लॅट फक्त इंग्रजीत असते. १२० प्रश्न, १२० मिनिटं आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवर असतात, म्हणजे त्या मिनिटातच उताऱ्याचं वाचनही आलं. तरीही चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्यांतला एक निवडणंच फायद्याचं.

सर्वाधिक गुण जातात ते कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत, आणि तेही हुशार मुलांचे. समजा, नियम दिला आहे : ‘परवानगीविना दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे अतिक्रमण, हेतू काय होता हे पाहिलं जाणार नाही.’ घटना अशी : मुसळधार पावसात आडोसा म्हणून एक जण कुणालाही न विचारता शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन उभा राहिला. आपलं मन म्हणतं, बिचाऱ्याचा काय दोष? पण दिलेल्या नियमानुसार हे अतिक्रमणच. इथे कायद्याची कलमं पाठ असावी लागत नाहीत. समोरचा नियम जसा आहे तसा लावायचा, स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. या एका सवयीसाठी रोज दहा प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे कारण लिहा.

मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीला बिचकून ही वाट सोडू नये. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीतून काम चालतं. तिथे चांगलं मराठी हे वकिलाचं बळ असतं. मात्र उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, निकालपत्रंही बहुतेक त्याच भाषेत वाचावी लागतात. म्हणून रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक अग्रलेख वाचा आणि त्याचा सारांश चार ओळींत मराठीत लिहा. वाचनही होईल, चालू घडामोडीही.

कॉलेज निवडताना नुसतं नाव पाहू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा खर्च लाखांत जातो, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांचा त्यामानाने फारच कमी. कर्ज काढावं लागणार असेल, तर घरात आधीच मोकळेपणाने बोला. बार कौन्सिलची मान्यता तपासा. वर्ग नियमित भरतात का, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात का, ग्रंथालय संध्याकाळी उघडं असतं का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करायची असेल, तर न्यायालयाजवळचं साधं कॉलेजही उत्तम ठरतं. वर्ग सुटल्यावर ज्येष्ठ वकिलांचं काम जवळून पाहायला मिळतं आणि ते शिक्षण कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात : पसंतीक्रम कसा भरायचा आणि कोणती कागदपत्रं आधीच काढून ठेवायची.